‘टाकाऊ’ म्हणजे टाकाऊच ना?

ती. ताईस,

शि. सा. न. (साष्टांग खुर्चीत बसूनच घातलाय, गोड मानून घे. दोन दिवस मशिनांपुढे वाकून कंबर धरली आहे, आता जमिनीवर गेलो तर उठवायला चार माणसं लागतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाची बरी आहे ना? बाळाचं नाक कुणावर गेलंय ते कळव, आपल्यावर गेलं असेल तर कळवू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत असते, पण मी लिहिणार नाही, कारण इकडे एकही माणूस खुशाल नाही. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर मी जरा आवाज चढवला की तू ‘आधी पाणी पी’ म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, आणि मग मी हातात पेला घेऊन एकटाच भांडत बसतो. कागदाचं तसं होत नाही. रागाने चुरगाळायचा म्हटला तरी तेवढ्या वेळात चार ओळी वाचून होतात.

तर मुद्दा असा, की तुझ्या नवऱ्याने माझा छळ मांडला आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ऑफिसात भाऊजींची चौकशी आहे, त्यात त्यांची नोकरी जाणार हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे, आणि हा गृहस्थ स्वतःच्या बाजूने एक चकार शब्द काढायला तयार नाही! तुला त्यांनी यातलं काहीही सांगितलेलं नसणार. ‘सगळं मजेत, तू बाळाकडे बघ’ एवढंच म्हणाले असतील. मजेत कसलं डोंबल! आज त्यांना घरी बसायला सांगितलंय, सोमवारपर्यंत ऑफिसात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा आता नीट बैस, चष्मा लाव आणि मी सांगतो ते मुळापासून ऐक.

मुळापासून म्हणजे अगदी मुळापासून सांगावं लागणार, कारण दोन वर्षं झाली तरी तू शेजारपाजारी ‘हे रजिस्ट्रीत आहेत’ एवढंच सांगतेस आणि तुझ्या समोरच्या काकू मला घर नावावर करायला किती दिवस लागतात ते विचारतात. ही ती रजिस्ट्री नव्हे गं. ही म्हणजे गोदाम. हे बघ, आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. ते आमच्या मशिनवर शहाण्यासारखं चालतं, आणि गिऱ्हाइकाच्या मशिनवर नेलं की रुसून बसतं. हे नाही, ते नाही, अमुक जुनं आहे, तमुक नवं आहे, अशी शंभर कारणं. म्हणून सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं झाडून सगळं सामान एका डब्यात भरायचं आणि डबा सील करून टाकायचा. या सीलबंद डब्याला आमच्यात इमेज म्हणतात. (का म्हणतात ते विचारू नकोस. नाव ठेवणारा सापडला तर त्याच्याशीही माझं भांडण आहे.) असे सगळे डबे ठेवायची जागा म्हणजे रजिस्ट्री. काही रजिस्ट्र्या चव्हाट्यावरच्या असतात, कोणीही यावं, काहीही न्यावं. आमची खासगी आहे, पास असल्याशिवाय आत घेत नाही. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी असते. गिऱ्हाइकाचं मशीन सुरू झालं की ते आमच्या दारात येतं, पास दाखवतं, चिठ्ठीवरचं नाव सांगून डबा मागतं, नेतं आणि कामाला लागतं. झालं. एवढंच आहे. इतक्या साध्या गोष्टीतून माणसाची नोकरी जाईल असं वाटतं का तुला?

या गोदामावर भाऊजी आहेत. आता त्यांना तिथे कोणी चिकटवलं ते तुला आठवत असेल. (मी.) सव्वीस वर्षं सुट्या भागांच्या भांडारात काढलेला माणूस, कंपनीला टाळं लागलं आणि घरी बसला. ते चौदा महिने मी विसरलेलो नाही ताई, आणि तूही विसरली नसशील. तुझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्याला त्यांनी नंबर टाकले होते आणि हळदीचा डबा सापडेना म्हणून तू मला फोन करून रडली होतीस. हळदीसाठी रडत नव्हतीस हे मलाही कळत होतं. मग त्यांनी त्या वयात पोराटोरांबरोबर बसून कोर्स केला, मी साहेबांच्या मागे लागलो, आणि भाऊजी आमच्या गोदामाचे मालक झाले. पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून आले होते. कॉम्प्युटरवरच्या कामाला दोन पेनं! सगळे हसले. मीही हसलो, ते आधीच लिहून टाकतो.

आणि मग सुरू झाले नियम. आमच्या टीमने त्यांचं नाव कुलूपकाका ठेवलं ते उगाच नाही. प्रत्येकाने स्वतःचा पास वापरायचा. (आम्ही सात जण मिळून ‘टीम’ नावाचा एकच पास वापरतो. सात पास सांभाळायला आम्ही काय कंडक्टर आहोत?) प्रत्येक डब्याच्या चिठ्ठीवर नंबर हवा, आणि एकदा वापरलेला नंबर पुन्हा नको. वापरात नसलेला डबा काढायचा तर आधी सगळ्यांना तीन मेल. हे मेल इतके रटाळ असतात की मी भाऊजींचे मेल परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय केली आहे. त्या कप्प्यात आज चारशे बारा मेल न वाचलेले आहेत. आणि मेलला उत्तर आलं नाही की हा माणूस स्वतः येतो. वही घेऊन! रेघांची, पुठ्ठ्याची, हाताने पानांवर नंबर टाकलेली वही. खुर्चीच्या बाजूला मुकाट उभे राहतात, आपलं बोलणं संपलं की वही पुढे करतात आणि म्हणतात, अमुक डबा काढतोय, सही करा. ज्या कंपनीत चहा मागवायलासुद्धा अ‍ॅप आहे तिथे वहीवर सही! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची. मी फोनवर बोलता बोलता न बघता सही ठोकायचो, की बाबा जा एकदाचा.

पण आमचीही पोरं काही कमी नाहीत, ते कबूल करतो. भाऊजी कानीकपाळी ओरडून सांगतात की चिठ्ठीवर नंबर घाला, आणि आमच्या चिठ्ठ्या काय? तर ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-आता-खरंच’, ‘साहेबांना-दाखवायला’. एका डब्यावर तर नुसतंच ‘देवा’ लिहिलेलं आहे. आणि या सगळ्यांत कोणा शहाण्याने एका डब्यावर चिठ्ठी लावली ‘टाकाऊ’. झालं असं, की त्या दिवशी संध्याकाळी पाचला माल द्यायचा होता, डबा चालेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून आधी एक असाच करून पाहायला केला, वर ‘टाकाऊ’ लिहिलं, पाठवून दिला आणि तो चालला. नुसता चालला नाही, पळाला! मग चालत्या गाडीला हात कोण लावतो? चिठ्ठी बदलायची राहिली. सात महिने आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाचं काम ‘टाकाऊ’वर बिनबोभाट सुरू होतं, आणि बिनबोभाट असल्यामुळे ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

हे गिऱ्हाईक म्हणजे लाँड्री. तुझ्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचं दुकान आलं असेल तर ते काढून टाक. हा कारखाना आहे. पाच हॉस्पिटलांच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे झगे, तीन हॉटेलांचे टॉवेल आणि वेटरांचे एप्रन, सगळं एकाच पट्ट्यावरून जातं, आणि आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक कपड्याची खूण वाचून तो कोणाचा ते सांगतं. बुधवारी सकाळी अकराला तिथल्या वायरमनने पंखा बसवायला मुख्य बटण बंद केलं. (एका पंख्यासाठी अख्खा कारखाना! त्या वायरमनला मी जे काही बोललो ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही.) वीज आली, मशीन जागं झालं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा आमच्या दारात आलं, पास दाखवला आणि ‘टाकाऊ’ मागितला. गोदाम म्हणालं, या नावाचा डबा इथे नाही. कसा असेल? तीन आठवड्यांपूर्वी साफसफाईत भाऊजींनी तो काढून टाकला होता. तिकडे पट्टा थांबेना, मुकादमाने हाताने कपडे वाटायला घेतले, आणि दुपारी दोन वाजता एक सर्जन ‘आमची खासियत विचारा’ असं छापलेला एप्रन घालून ऑपरेशनच्या दारात उभे होते. हॉटेलात काय झालं ते सांगत नाही. हिरव्या झग्यातले वेटर बघून एक म्हातारे आजोबा ‘मला दाखल करू नका’ म्हणत जेवण टाकून उठले एवढंच कळलं.

आणि आमचे साहेब! ताई, या माणसाला दोन वर्षं मी सांगतोय की कंटेनर (म्हणजे उघडून चालू केलेला डबा) बोटीवरचा नव्हे. बुधवारी मी धावत केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, इमेज गेली. तर म्हणतात, मग दुसरी काढून घ्या, फोटोला असा किती वेळ लागतो? हा मनुष्य गोदामाच्या चौकशी समितीचा अध्यक्ष आहे! याला स्वतःच्या बुटाची नाडी आणि नेटवर्कची तार यातला फरक सांगायला शेजारी माणूस बसवावा लागेल. आम्ही नवा डबा करायला बसलो, तर सात महिन्यांत खालचं सामान बदललेलं, आणि नवा डबा उशीच्या प्रत्येक अभ्र्याला चादर म्हणायला लागला. सात जण घाम गाळत बसलो होतो, आणि साहेब दर दहा मिनिटांनी येऊन ‘झालं का?’ विचारत होते. त्यांना कोणीतरी कोंडून ठेवायला हवं होतं, खरंच सांगतो.

डबा शेवटी कोणी आणला माहीत आहे? तुझ्या नवऱ्याने. कोणाला न सांगता ते बसने लाँड्रीत गेले, तिथल्या मुकादमाला विचारलं की जुनं मशीन कुठे ठेवलंय, आणि साबणाच्या पोत्यांमागून एक मोडकं मशीन ओढून काढलं. ते सहा महिन्यांपूर्वी बाद झालं होतं, पण बाद होण्याआधी त्याने आमचा डबा नेलेला होता, आणि तो त्याच्या पोटात जसाच्या तसा होता. (चालू मशीन दर वेळी जागं होताना पोटातला जुना डबा आधी टाकून देतं. हे परत जागंच झालं नव्हतं.) भांडारातला माणूस! माल आला म्हणजे कुठेतरी पडून असणारच, हे त्याला ठाऊक. आज दुपारी बारा वाजता पट्टा पुन्हा सुरळीत चालला. भाऊजी शर्टावर साबणाची पूड घेऊन परत आले आणि सगळ्यांत आधी डब्यावर नंबर घालून नवी चिठ्ठी लावली. त्यानंतर अर्ध्या तासाने साहेबांनी त्यांना घरी बसायला सांगितलं, कारण लाँड्रीवाल्यांनी लेखी पत्र पाठवलंय की चूक कोणाची त्याचं एक नाव आम्हाला कळवा. एक नाव. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊजींना विचारलं की डबा का काढलात, तर हा माणूस काय म्हणाला? म्हणाला, गोदाम माझं, चूक माझी. बस्स. पुढे तोंडाला कुलूप!

अहो, असं असतं का कुठे? डब्यावर कोणी ‘टाकाऊ’ लिहिलं हे विचारा की! काढायच्या आधी तीन मेल केले होते हे सांगा की! विचारल्याशिवाय टाचणीसुद्धा न हलवणारा माणूस, आणि तो सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहतो, आणि माझ्याकडे एकदा, फक्त एकदा बघतो, आणि पेनाचं टोपण लावतो! मला इतका राग आला की मी तिथून उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. चांगुलपणालाही काही मर्यादा असते. पुन्हा ते चौदा महिने काढायचे आहेत का त्यांना? या वयात त्यांना दुसरं गोदाम कोण देणार आहे? आणि तू पुन्हा हळद शोधत बसणार आहेस का? तेव्हा हे पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि खडसावून सांग, की सोमवारी तोंड उघडा. माझं ते ऐकत नाहीत. आज तीनदा फोन केला, तीनही वेळा ‘तू जेवलास का?’ विचारून ठेवून दिला. तुम्हा दोघांचंही फोनचं वळण एकच आहे.

बाळाला पापा. गुडघ्याला शेक दे. बाकी भेटीअंती.

तुझाच,
चिडका बिब्बा

ता. क. — वर ‘कोणा शहाण्याने’ असं लिहिलंय, तो शहाणा मी. तुला कळलंच असेल, उगाच हसू नकोस. आणि भाऊजी वही घेऊन आले होते तेव्हा फोन कानाला लावूनच मी म्हणालो होतो की टाकाऊ म्हणजे टाकाऊच ना, विचारता काय, उडवा. खाली सही केली. वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. तर मुख्य विनंती अशी, की त्यांना बोला असं सांगशील तेव्हा नुसतंच बोला सांग. वही दाखवा असं सांगू नकोस. ‘टीम’चा पास सात जणांचा आहे, त्यामुळे चिठ्ठी कोणाची ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही, म्हणजे त्यांचीही नोकरी राहील आणि माझीही. जरा गोडीगुलाबीने जमव. मला माझी लाज वाटते आहे, पण विनंती तीच आहे.

ता. क. २ (शुक्रवार सकाळ) — पत्र अजून टाकलेलं नाही. वरची विनंती रद्द. सकाळी लवकर ऑफिसात आलो, भाऊजींच्या टेबलाची चावी सध्या माझ्याकडे आहे, त्यांच्या खणातून वही काढली. खोटं कशाला बोलू, पान फाडायलाच गेलो होतो. पान तिथे नव्हतंच. शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस. पट्टी धरून ब्लेडने कापलेलं, आणि बाकीची पानं सुटू नयेत म्हणून कडेला डिंकाने चिकटवलेलं. आणि शेहेचाळीसच्या तळाशी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात ‘पान ४७ रद्द’, खाली तारीख आणि त्यांची सही. म्हणजे चोरी केली तीही नोंद करून! सव्वीस अधिक दोन वर्षांत ज्याने एक ओळ खोडली नाही त्याने माझ्यासाठी अख्खं पान कापलं, आणि काल मला विचारत होते जेवलास का. ताई, मी त्या खणाशी उभा राहून रडलो. ते बोलले असते तर निदान मला त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

ता. क. ३ (शुक्रवार दुपार) — साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी, सही माझी, उडवा मी म्हणालो. विश्वासच ठेवत नाहीत! उलट माझी पाठ थोपटली, म्हणाले बहिणीच्या संसारासाठी एवढं करणारा भाऊ हल्ली कुठे मिळतो. मी टेबलावर हात आपटला तर त्यांनी माझ्यादेखत भाऊजींना फोन लावला, आणि तुझा नवरा शांतपणे म्हणाला, त्याचं मनावर घेऊ नका साहेब, तो शाळेत होता तेव्हापासून असाच भावनेच्या भरात बोलतो. पुरावा म्हणावा तर पान नाही, पासावर नाव नाही, आणि जो खरं सांगू शकतो तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलतोय आणि तेही पट्टीच्या माणसासारखं!

तेव्हा आता खरी विनंती. हे पत्र आजच्या कुरिअरने पाठवतोय, उद्या तुला मिळेल. फाडू नकोस, चुरगाळू नकोस. सगळं माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि मी ते सुटण्यासाठी लिहायला बसलो होतो हे वाचणाऱ्याला पहिल्या ता. क. वरून कळेलच. दुसरा पुरावा नाही. फोनवर सांगून भागलं असतं तर भागवलं असतं, पण कागदच लागणार आहे आणि तो तूच आणायला हवास. तू समोर उभी राहिलीस तर भाऊजींना खोटं बोलता यायचं नाही. बाळाला दोन दिवस आजीवाचून राहू दे, सोमवारी दहाच्या आत ऑफिसात पोच आणि पत्र साहेबांच्या हातात दे. पहिल्या ओळीपासून वाचावं लागणार आहे त्यांना, म्हणजे बोटीचं, बुटाच्या नाडीचं, कोंडून ठेवायचं, सगळंच वाचतील. तेवढ्या ओळी खोडाव्यात म्हणून पेन उचललं होतं. पण खोडाखोड असलेला कागद भाऊजी कधी दाखल करून घेत नाहीत, म्हणून तसंच ठेवलंय.